पाचवा रकाना

१

हे मी कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. ठरवणारी माझी मैत्रीण मुंगी होती आणि मी मान हलवली होती. माझं मान हलवणं म्हणजे शपथच, कारण मी फारशी बोलत नाही. मैत्रिणींनी माझं नावच मौनी पाडलं आहे. पण आज शाळेला सुट्टी लागली. सहा आठवडे. सहा आठवड्यांत काय काय विसरायला होतं ते मला आता चांगलं ठाऊक आहे, म्हणून लिहून ठेवते आहे. सांगणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, असं मी मनाला पटवलं आहे.

भूगोलाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तेव्हापासून आमचा जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास आठवड्यातून तीनदा रिकामा जाऊ लागला. बदली म्हणून ग्रंथपालबाई यायच्या. येताना फाटक्या पुस्तकांची चळत आणि खळीची बाटली घेऊन यायच्या, सगळं टेबलावर पसरायच्या आणि चष्म्यावरून वर्गाकडे एकदा बघून म्हणायच्या, "मुलींनो, मला माशी उडालेली ऐकू आली पाहिजे. बाकी काय वाट्टेल ते करा."

मग काय वाट्टेल ते सुरू व्हायचं. पुढच्या बाकांवर फुली-गोळा. मधल्या रांगेत ठिपके जोडून चौकोन करायचे आणि चौकोनात आपलं अक्षर टाकायचं. आणि आमच्या शेवटच्या बाकावर चोर-शिपाई.

वर्गातले बाकीचे बाक दोघींचे आहेत. आमचा लांब आहे, कुठल्याशा जुन्या हॉलमधून आणलेला. दाराकडच्या टोकाला मुकादम बसते. ती जन्माला आली तेव्हा नर्सला म्हणाली असेल, "जरा नीट धर." तिच्या शेजारी रेडिओ, जिला बंद करायचं बटण नाही. मग मुंगी, एवढीशी, खिशात नेहमी काहीतरी गोड. मग मी. माझ्यानंतर एका माणसाची जागा, आणि मग भिंत.

माझ्यासारख्या मुलीने खरं तर भिंतीला चिकटून बसायला हवं. लाजाळू माणसाला भिंतीसारखी सोबत नाही. तरी ती जागा मी रोज सोडत होते. का सोडते, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

चिठ्ठ्या मुकादम करायची. वहीचं पान फाडून पाच तुकडे, त्यांवर राजा, राणी, प्रधान, शिपाई, चोर. चार घड्या, ओंजळीत खुळखुळवून बाकावर टाकायच्या. प्रत्येकीने एक उचलायची. जिला शिपाई येईल तिने चिठ्ठी दाखवायची आणि बाकीच्यांची तोंडं बघून चोर ओळखायचा. राजाला हजार गुण, राणीला आठशे, प्रधानाला पाचशे. चोर सापडला तर शिपायाला तीनशे, निसटला तर ते तीनशे चोराला. गुण मी लिहायचे, माझ्या मागच्या वर्षीच्या कोऱ्या उरलेल्या वहीत, कारण अक्षर माझं बरं आहे आणि मी भांडत नाही.

पाच चिठ्ठ्या. पाच रकाने. आणि आम्ही चौघी.

कितीतरी आठवडे हे मला खटकलंच नाही.

२

खटकलं ते एका मंगळवारी. मला शिपाई आला होता. मी तिघींची तोंडं निरखली. रेडिओ गप्प होती, म्हणजे नक्की काहीतरी लपवत होती.

"रेडिओ," मी म्हटलं.

"चूक! राणी!" तिने चिठ्ठी माझ्या नाकासमोर नाचवली. "अग मौनी, मी कधीतरी चोरासारखी दिसते का?"

"दिसतेस," मुंगी म्हणाली. "काल माझी लिमलेटची गोळी कुणी खाल्ली?"

मुकादमने राजा दाखवला, मुंगीने प्रधान. सगळ्यांच्या चिठ्ठ्या उघड्या झाल्या.

"मग चोर कोण?" मी विचारलं.

"निसटला ना. लिही चोराला तीनशे," मुकादम म्हणाली. "चल, आटप, अजून दोन डाव होतील."

आणि मी लिहिले. माझा हात आपसूक शेवटच्या रकान्यात गेला आणि तीनशे लिहून मोकळा झाला. जिना उतरताना, घरी जाताना, मला एकदम पायरीवर थांबावंसं वाटलं. तीनशे कुणाला लिहिले मी?

चिठ्ठी खाली पडली असणार, असं मी स्वतःला सांगितलं. सोपं आहे. पंख्याच्या वाऱ्याने उडाली असेल. पण पुढच्या तासाला मी मोजलं. पाच पडल्या. मुकादमने एक उचलली, रेडिओने एक, मुंगीने एक, मी एक. बाक स्वच्छ. मी पेन पाडल्याचं नाटक करून खाली वाकले. आठ पाय, चार दप्तरं, थोडी धूळ. चिठ्ठी नाही.

"काय शोधतेस ग?" मुंगीने विचारलं.

"पेन."

"तुझ्या हातात आहे."

ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली, आणि मग भिंतीकडे.

३

त्या संध्याकाळी मी वही पहिल्या पानापासून उघडली.

पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात, पट्टीने आखलेले पाच रकाने. वर पाच नावं. मुकादम, रेडिओ, मुंगी, मौनी. आणि पाचवं: खार.

मी ते नाव मनात चार-पाच वेळा म्हणून बघितलं. खार. काहीच आठवेना. दाढ काढल्यावर जीभ तिथेच जाते ना, तसं झालं; हिरडी जिभेला लागते, पण दाढ कशी होती ते सांगता येत नाही.

पुढच्या पानांवर खारच्या नावाला कमी-कमी गुण. तिला चोरच जास्त यायचा. एका पानाच्या समासात मी बारीक लिहिलं होतं, "आज खार मोठ्याने हसली. बाईंनी वर पाहिलं." दुसऱ्या पानावर, "खारने हजर म्हटलं ते बाईंना ऐकू गेलं नाही. मी सांगायला हवं होतं." अक्षर माझं, शाई माझी. सहाव्या पानावर तिचं नाव घाईघाईत लिहिलेलं. नवव्या पानावर नुसता रकाना, वर नाव नाही. गुण मात्र त्यात रोज भरलेले.

मी सांगायला हवं होतं. म्हणजे मला ऐकू गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वर्ग रिकामा असताना मी भिंतीकडच्या जागेवर पहिल्यांदा बसले. लाकूड थंड असेल असं वाटलं होतं. ते कोमट होतं, कुणी नुकतंच उठून गेल्यावर असतं तसं. ऊन येत असेल म्हणून मी खिडकीकडे बघितलं. खिडकी दुसऱ्या बाजूला आहे.

बाक जिथे भिंतीला टेकतो तिथे एक फट आहे. त्यात कागद दिसला. मी कंपासमधल्या कर्कटकाने तो ओढला. एक नाही, कितीतरी निघाले. आमच्या चिठ्ठ्या. आम्ही चार घड्या घालतो. या इतक्या बारीक दुमडल्या होत्या की डाळीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. चोर, चोर, प्रधान, चोर, शिपाई, चोर. सगळ्या मुकादमच्या ठसठशीत अक्षरात. एकच राजा होता. तो पुन्हापुन्हा उघडून बघितल्यासारखा मऊ झाला होता, घड्यांवर फाटायला आला होता.

मी सगळ्या पुन्हा तशाच दुमडून फटीत ठेवल्या. राजा सर्वांत वर ठेवला.

४

माझी आई कपडे शिवते. बाबा फिरतीवर असतात, त्यामुळे घरात बहुतेक वेळा आम्ही दोघी आणि मशीन. आई तोंडात टाचण्या धरून बोलू शकते. मला तोंड रिकामं असूनही जमत नाही.

"आई, माझ्या मैत्रिणी किती ग?"

"हा काय प्रश्न? चार." तिने कापडाला चिमटा घेतला. "मुकादम, ती बडबडी, मुंगी, आणि ती..."

मशीन थांबलं.

"ती कोण?"

"अग ती नाही का... तिच्या गणवेशाची उंची मी कमी केली होती. खांद्याला एक टीप घातली, बारीक खांदे म्हणून." आईने टाचण्या काढून तळहातावर घेतल्या आणि दोन बोटं हवेत धरली, मापाची पट्टी धरतात तशी. तिची बोटं एका खांद्याएवढं अंतर ठेवून थांबली होती. तिलाच ते बघून नवल वाटलं. "कोणाची ग पोर ती?"

"मला नाही माहीत."

"शेजारच्या वर्गातली असेल," आई म्हणाली आणि मशीन चालू केलं. पण शिवण वाकडी गेली, आणि आईची शिवण कधी वाकडी जात नाही. उसवताना ती पुटपुटली, "बोलायची नाही फारशी. तुझ्यासारखीच. पाणी देऊ का विचारलं तरी नुसती हसायची."

हजेरी मी आता कान देऊन ऐकू लागले. वर्गशिक्षिका भराभर नंबर म्हणतात. एकोणतीस हजर, तीस हजर, एकतीस. मग एका श्वासाएवढी जागा. मग बत्तीस. बाईंनी वर बघितलं नाही, खूण केली की नाही तेही कळलं नाही. मी तेहतीस. माझा नंबर आला तेव्हा मी एरवीपेक्षा जोरात "हजर" म्हटलं, आणि पुढच्या बाकावरच्या दोघी वळून हसल्या.

५

पुढच्या मंगळवारी मुकादमने नवं पान घेतलं आणि ठरवून टाकलं.

"हे पाच-पाच काय चाललंय? आपण चार जणी. राणी काढून टाकू या. राजा, प्रधान, शिपाई, चोर. चार चिठ्ठ्या, चार रकाने. सुटसुटीत."

"माझी राणी काढताय?" रेडिओ म्हणाली. "मला तेवढंच येतं ग!"

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते? आपण पाच आहोत? कोण पाचवी, विचारलं असतं तर? मी तोंड मिटलं. लाज फार विचित्र असते. आपण चुकीचं बोलू याची इतकी भीती वाटते की खरं बोलायचंही राहून जातं.

मुंगी बाकाकडे बघत होती.

चार चिठ्ठ्या पडल्या. मुकादमने एक उचलली, रेडिओने एक, मुंगीने एक. मी हात पुढे केला.

बाक रिकामा होता.

"मला नाही मिळाली," मी म्हटलं.

"शिपाई!" रेडिओने चिठ्ठी आपटली. "थांबा, थांबा, आज मी चोर पकडणारच." तिने मुकादमकडे बघितलं, मुंगीकडे बघितलं, मग माझ्या दिशेने वळली. माझ्याकडे नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे. आणि बोट दाखवून खुशीत ओरडली, "तू! तूच चोर!"

मग त्या हसल्या, समोरून कुणीतरी मान्य केल्यावर हसतात तशा. चिठ्ठ्या उलगडल्याचा आवाज आला. मी मान वळवू शकले नाही. माझ्या उजव्या दंडाला कुणाच्यातरी बाहीचं कडक इस्त्रीचं सुती कापड लागत होतं.

"मला चिठ्ठी नाही मिळाली," मी पुन्हा म्हटलं.

मुकादमने वही माझ्यासमोरून ओढून घेतली आणि गुण स्वतःच लिहिले. चार रकाने भरले.

शाळा सुटताना वर्गशिक्षिकांनी पुन्हा हजेरी घेतली. बत्तीस हजर, तेहतीस. मग एका श्वासाएवढी जागा. मग चौतीस. मी हजर म्हटलं होतं. म्हटलं होतं ना? ओठ हललेले मला आठवतात.

फाटकातून तिघी हातात हात घालून निघाल्या. रेडिओ एका बाजूला तोंड करून काहीतरी रंगवून सांगत होती, आणि त्या बाजूला मी नव्हते. मी दहा पावलं मागे होते. घरी आई मशीनवर होती. मी तिच्या समोर बराच वेळ उभी राहिले. मग तिने वर बघितलं, जरा थांबली, आणि म्हणाली, "अगबाई, कधी आलीस?" असं तर कुठलीही आई म्हणते. मी हजारदा स्वतःला सांगितलं की असं तर कुठलीही आई म्हणते.

अंथरुणावर पडल्यावर मला खारचा राग यायला हवा होता. आला नाही. किती दिवस ती त्या बाकावर बसून आपली चिठ्ठी उचलत होती, आपल्या पाळीला खोटं तोंड करत होती, आणि कुणी विचारत नव्हतं. चार चिठ्ठ्या पडल्यावर तिने फक्त पटकन हात पुढे केला. मीही केला असता. जागा एकच उरली असेल तर कोण हात मागे घेईल?

पण मला आई हवी होती. वर बघायला तिला इतका वेळ लागायला नको होता.

६

बुधवारचा तास वर्षातला शेवटचा ऑफ तास होता. ग्रंथपालबाई खळ लावत बसल्या होत्या. मुकादमने पान फाडलं आणि चार तुकडे केले.

"पाच कर," मी म्हटलं.

कुणीच वळलं नाही. रेडिओ कुणाच्यातरी मावशीच्या लग्नातली गंमत सांगत होती.

"पाच कर ग."

मुकादम ओंजळ खुळखुळवू लागली. माझे कान गरम झाले. मी उभी राहिले. इतक्या वर्षांत मी वर्गात आपणहून कधी उभी राहिले नव्हते.

"पाच कर! आपण पाच आहोत!"

आवाज केवढा मोठा होता. फुली-गोळा थांबला, चौकोन थांबले. सबंध वर्ग मागे वळला. ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"काय ग, माशी एवढी ओरडते होय?"

वर्ग हसला. मी बसले नाही. "बाई, आम्ही पाच जणी आहोत आणि हिने चारच चिठ्ठ्या केल्यात."

बाईंनी आमच्या बाकावरून नजर फिरवली, दारापासून भिंतीपर्यंत. ओठ हलले. मोजत होत्या. मग पुन्हा पुस्तकाकडे वळून म्हणाल्या, "मग करा की पाच. कागदाला काय तोटा आहे?"

मुकादम माझ्याकडे आ वासून बघत होती, जणू भिंतच बोलली. "हो ग बाई, करते. एवढं काय? सरळ सांगायचं ना!"

पण तिच्याआधी मुंगीने खिशातून एक तुकडा काढला होता. आधीच फाडून, आधीच दुमडून आणलेला. तिने तो इतर चारांत सरकवला आणि माझ्याकडे बघितलं नाही.

पाच पडल्या. मुकादम, रेडिओ, मुंगी. दोन उरल्या. मी थांबले. या वेळी मी हात पुढे केला नाही, आणि नजरही वळवली नाही, नुसती बाकाकडे बघत बसले.

माझ्या उजवीकडून एक हात आला. मनगटापर्यंतच दिसला. बारीक, मधल्या बोटाला शाईचा डाग, अंगठ्याचं नख कुरतडलेलं. तो दोन चिठ्ठ्यांवर थांबला. आपल्याला कुठली घ्यायची परवानगी आहे, असा विचार करणारा हात मी ओळखते. माझा तसाच आहे. मग त्याने एक चिठ्ठी एका बोटाने माझ्याकडे ढकलली आणि दुसरी उचलून घेतली.

मी उघडली. राजा.

मी वही ओढून घेतली आणि मुकादमच्या चार रकान्यांशेजारी पट्टीने पाचवी रेघ मारली. वर नाव लिहिलं. दोनदा गिरवलं.

बाहेर पडताना मुंगीने मला नळापाशी गाठलं. "कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "मोठ्यांना सांगितलं की ते नीट मोजायला बसतात."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

तिने नळ सोडला आणि बराच वेळ हात धुतले. "मी रोज दोन गोळ्या आणते," ती म्हणाली. "एक बाकावर ठेवते. मला वाटायचं रेडिओच खाते."

७

शाळेत आता कुलूप आहे. वर्ग धुतील, बाक हलवतील, पुढच्या वर्षी आम्हाला कुठल्या खोलीत बसवतील कोण जाणे. निघताना मी फटीतल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून कंपासपेटीत भरल्या आणि वही दप्तरात घातली. भिंतीकडे तोंड करून, अगदी हळू, "चल" म्हटलं. मला फार वेड्यासारखं वाटलं. रेडिओ म्हणालीच, "भिंतीशी काय बोलतेस? आमच्याशी बोल की!"

घरी येताना मी फुटपाथवर थोडी जागा सोडून चालले. मागे वळून बघितलं नाही. आईने दार उघडलं आणि या वेळी लगेच बघितलं, आणि दार जरा जास्त वेळ उघडं धरलं. तिचं तिलाही कळलं नसावं.

दोघींत चोर-शिपाई होत नाही, म्हणून मी दुपारी वहीच्या मागच्या पानावर फुली-गोळ्याची चौकट आखली. मधल्या घरात गोळा काढला आणि पेन चौकटीवर आडवं ठेवून तोंड धुवायला गेले. परत आले तेव्हा पेन तसंच होतं. वरच्या कोपऱ्यात एक फुली होती. बारीक, एका रेघेवर जास्त जोर दिलेली. ती मीच काढली असेल, असं मी आधी म्हटलं. मग दुसरा गोळा काढला आणि डोळे मिटून दहा आकडे मोजले.

आतापर्यंत सात डाव झालेत. ती चार जिंकली. मी मुद्दाम हरत नाही, खरंच ती चांगली खेळते, आणि आठवा डाव अर्धा असतानाच मी हे लिहायला घेतलं. चौकटीत तीन घरं मोकळी आहेत. पाळी तिची आहे.

एक मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही. सुट्टी संपल्यावर हजेरीच्या वेळी एकतीसनंतर मी काय करायचं? तिच्या वतीने हजर म्हणायचं, की तिला कोपर लावून तिलाच म्हणायला लावायचं? आणि बाईंनी वर बघितलं, तर त्यांना दिसेल ते

आईने हाक मारली. "या ग दोघी, ताटं वाढलीत, गार होतंय."

दोघी म्हणाली. घरात मी एकटीच मूल आहे. तिने मशीनवरचं कापड आवरता आवरता म्हटलं, सहज, रोज म्हणत असल्यासारखं, आणि ताटंही मी इथून बघते आहे तर

"येतेस ना ग?"

आले, आई. वही उघडीच ठेवते, कारण ती अजून तिची फुली